संगणक कोड वाचतो तेव्हा सर्वांत आधी काय करतो? टोकन आणि लेक्सर, सोप्या भाषेत

दवाखान्यातले टोकन, बँकेतले टोकन आणि देवदर्शनाच्या रांगेतले टोकन आपल्या ओळखीचे असते. अलीकडे मात्र हा शब्द निराळ्याच संदर्भात बातम्यांमध्ये येऊ लागला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सेवा ‘इतक्या टोकनांमागे इतके पैसे’ असे दर लावतात आणि टोकन म्हणजे शब्द, अक्षर की आणखी काही, असा प्रश्न वाचकाला पडतो. वास्तविक संगणकशास्त्रात हा शब्द जुना आहे. प्रोग्रामिंगच्या भाषा घडवणारे लोक तो कित्येक दशके वापरत आले आहेत आणि त्यांच्याकडे त्याचा अर्थ पुष्कळ अधिक नेमका आहे. तो मूळ अर्थ काय, आणि मजकुराची टोकने पाडणारा छोटा प्रोग्राम आपण स्वतः बांधायला घेतला तर कोणते निर्णय घ्यावे लागतात, हे या लेखात पाहू. हे काम प्राथमिक आणि किरकोळ समजले जाते. मला तसे वाटत नाही. शब्द कुठे संपतो हे ठरवण्यात जी चूक होते ती पुढे कुठेच दुरुस्त होत नाही, आणि मराठीसारख्या लिपीत ती चूक झाली तर आपले शब्द संगणकाच्या दाराबाहेरच राहतात.

संगणकासमोर येते ती आकड्यांची माळ

एक छोटी काल्पनिक प्रोग्रामिंग भाषा घेऊ, जिच्यात नावे आणि अंक मराठीत लिहिता येतात. डझनभर नारळांचा हिशेब हमालीसकट मांडायचा असेल, तर तिच्यात अशी ओळ लिहिता येईल:

एकूण = किंमत * १२ + ४०

आपल्याला या ओळीत दोन नावे, दोन संख्या आणि तीन चिन्हे लगेच दिसतात. संगणकाला यातले काहीच दिसत नाही. त्याच्यासमोर असते ती एकामागून एक आलेल्या आकड्यांची माळ, कारण युनिकोड या जागतिक प्रमाणकाने जगातील बहुतेक लिपींतील प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक दिलेला आहे. ‘किंमत’ हा शब्द त्या माळेत २३२५, २३६७, २३०६, २३५०, २३४० असा येतो: क, वेलांटी, अनुस्वार, म, त. रिकाम्या जागेलाही स्वतःचा क्रमांक आहे, तो ३२. आपली संपूर्ण ओळ अशा २२ क्रमांकांची आहे.

या माळेचे अर्थपूर्ण तुकडे पाडणाऱ्या प्रोग्रामला लेक्सिकल ॲनालायझर किंवा थोडक्यात लेक्सर म्हणतात, आणि प्रत्येक तुकड्याला टोकन. टोकनात तुकड्याचा मजकूर असतोच, शिवाय तो कोणत्या जातीचा आहे हेही नोंदलेले असते. वरच्या ओळीतून लेक्सर पुढील टोकने काढतो:

नाव: एकूण
चिन्ह: =
नाव: किंमत
चिन्ह: *
संख्या: १२
चिन्ह: +
संख्या: ४०

म्हणजे २२ क्रमांक आत गेले आणि सात टोकने बाहेर आली. ती टोकने पुढे पार्सर नावाच्या दुसऱ्या भागाकडे जातात आणि तो वाक्याची रचना तपासतो: आधी गुणाकार की आधी बेरीज, कंस जुळतात की नाही, वगैरे. स्वयंपाकाला बसण्याआधी तांदूळ निवडून घ्यावेत तसे हे काम आहे. खडे आणि फोलपट बाजूला काढावे तसा लेक्सर रिकाम्या जागा आणि माणसासाठी लिहिलेल्या टिपा बाजूला काढतो, आणि भात शिजवणाऱ्याच्या हाती निवडलेला तांदूळच पडतो.

मग रिकाम्या जागेवर तोडले की झाले, असे का नाही?

ही पहिली शंका बहुतेकांच्या मनात येते आणि ती स्वाभाविक आहे. परंतु ‘किंमत*१२’ असे जागा न सोडता लिहिले तरी त्याचा अर्थ तोच राहायला हवा, आणि अवतरणचिन्हांत ‘ओला नारळ’ लिहिले तर मधली जागा असूनही तो तुकडा एकच राहायला हवा. रिकामी जागा ही मदत आहे, पण ती सीमारेषा असतेच असे नाही.

मोडी लिपीतील जुनी कागदपत्रे ज्यांनी वाचली आहेत त्यांना हे वेगळे सांगावे लागणार नाही. मोडीत आधी ओळ आखून तिच्याखाली अक्षरे सलग लिहीत, आणि दोन शब्दांमध्ये जागा सोडण्याची पद्धत नव्हती. वाचणारा आपल्या भाषाज्ञानाच्या बळावर शब्द वेगळे करतो, आणि एखादे अपरिचित गावाचे नाव आले की थबकतो. संगणकाकडे ते भाषाज्ञान नाही. म्हणून त्याला प्रत्येक सीमेसाठी स्पष्ट नियम द्यावा लागतो.

रिकाम्या जागेला अजिबात किंमत न देणारी प्रोग्रामिंग भाषाही होऊन गेली आहे. आयबीएममध्ये जॉन बॅकस यांच्या गटाने १९५७ साली आणलेल्या फोरट्रानच्या मूळ रूपात जागा सोडली काय, न सोडली काय, सारखेच होते. तिथे ‘डीओ १० आय = १,१०’ या ओळीचा अर्थ ‘आयची किंमत १ पासून १० पर्यंत नेत, १० क्रमांकाच्या ओळीपर्यंतचे काम पुन्हा पुन्हा कर’ असा होत असे. त्यातल्या स्वल्पविरामाऐवजी टिंब पडले, तर तीच ओळ ‘डीओ१०आय या नावात १.१० ही संख्या साठव’ असा अर्थ देई. सुरुवातीचे ‘डीओ’ ही आज्ञा आहे की एखाद्या नावाचा तुकडा, हे कळण्यासाठी लेक्सरला स्वल्पविराम किंवा टिंब येईपर्यंत पुढे पाहावे लागे. फोरट्रान ९० या आवृत्तीत मोकळ्या मांडणीची सोय आली आणि तिच्यात रिकाम्या जागेला अर्थ मिळाला.

लेक्सर बांधायचा कसा

कृती सांगायला सोपी आहे. मजकुरावर एक बोट ठेवायचे. बोटाखालचे चिन्ह पाहायचे आणि त्यावरून ठरवायचे की आता कोणत्या जातीचे टोकन सुरू होत आहे. अंक दिसला तर संख्या, अक्षर दिसले तर नाव, अवतरणचिन्ह दिसले तर मजकूर, रिकामी जागा दिसली तर नुसते पुढे सरकायचे. जात ठरली की ते टोकन जिथपर्यंत लांबवता येईल तिथपर्यंत बोट न्यायचे, तुकडा कापायचा, आणि मग पुन्हा पहिल्यापासून.

या कृतीत दोन क्रिया काटेकोरपणे वेगळ्या ठेवाव्या लागतात: पुढच्या चिन्हाकडे डोकावून पाहणे, आणि ते चिन्ह उचलणे. ‘१२ + ४०’ वाचताना काय होते ते पाहा. देवनागरी शून्याचा युनिकोड क्रमांक २४०६ आहे आणि पुढचे अंक त्याच्यापुढे ओळीने येतात, त्यामुळे कोणत्याही अंकाच्या क्रमांकातून २४०६ वजा केले की त्याची किंमत मिळते. बोटाखाली २४०७ आहे, म्हणजे १. आतापर्यंतची संख्या शून्य होती. तिला दहाने गुणून १ मिळवला, झाला १. पुढचे चिन्ह २४०८, म्हणजे २. जुन्या १ ला दहाने गुणून २ मिळवले, झाले १२. त्यापुढे डोकावले तर ३२, म्हणजे रिकामी जागा. ती अंक नाही म्हणून संख्या इथे संपली, पण जागा उचललेली नाही. ती पुढच्या फेरीसाठी तिथेच ठेवली. या एका चिन्हाची चूक नवशिक्यांच्या हातून हटकून होते. ‘१२+४०’ असे सलग लिहिलेले असताना संख्येचा शेवट शोधण्याच्या नादात अधिकचे चिन्हही उचलले गेले, तर हिशेबातून बेरीजच नाहीशी होते.

दुसरा नियम सर्वांत लांब तुकडा घेण्याचा. ‘दिवाळी’ वाचताना आपण ‘दिवा’पाशी थांबत नाही, जरी दिवा हा स्वतःत पूर्ण शब्द असला तरी. लेक्सरनेही तसेच वागायला हवे. आपल्या भाषेत ‘जर’ हा कीवर्ड आहे असे समजा. कीवर्ड म्हणजे भाषेने स्वतःसाठी राखून ठेवलेला शब्द. आता कोणी ‘जरीकाठ’ नावाने साडीची किंमत साठवली, आणि आपल्या लेक्सरने ‘जर’ दिसताच कीवर्ड म्हणून कापून घेतले, तर मागे नुसते ‘ीकाठ’ उरते आणि त्याचा कोणालाच अर्थ लागत नाही. म्हणून आधी पूर्ण शब्द वाचायचा आणि मगच तो राखीव शब्दांच्या यादीत आहे का ते तपासायचे.

चिन्हांनाही हाच नियम लागू होतो. ‘=’ नंतर लगेच दुसरे ‘=’ असेल तर ते दोन तुकडे नसून ‘समान आहे का’ असे विचारणारे एकच टोकन असते, आणि त्यासाठी एक चिन्ह पुढे डोकावणे पुरते. मात्र या नियमाचा जाचही होतो. सी प्लस प्लस भाषेत एका कोनाकृती कंसात दुसरा कंस आला तर शेवटी ‘>>’ असे दोन बंद कंस शेजारी येत, आणि सर्वांत लांब तुकड्याच्या नियमाने लेक्सर त्यांना एकच वेगळे चिन्ह समजे. २०११ च्या प्रमाणकाने ही अडचण दूर केली. तोपर्यंत लोकांना त्या दोन कंसांमध्ये आठवणीने जागा सोडावी लागत असे.

प्रत्येक टोकनाबरोबर ते कोणत्या ओळीत आणि कितव्या स्थानी सुरू झाले हेही नोंदवून ठेवावे. सुरुवातीला ही नोंद अनावश्यक वाटते, पण पहिली चूक शोधायची वेळ आली की तिच्यावाचून पान हलत नाही.

यामागचे गणित: सापशिडीचा पट

‘जिथपर्यंत लांबवता येईल तिथपर्यंत’ हे नियम काटेकोर भाषेत लिहिण्याचे शास्त्र आहे. वॉरन मॅक्युलक आणि वॉल्टर पिट्स यांनी १९४३ साली मेंदूतील चेतापेशींची एक गणिती प्रतिकृती मांडली. तिचा अभ्यास करताना स्टीफन क्लीनी या तर्कशास्त्रज्ञाने १९५१ साली चिन्हांच्या माळांचे वर्णन करणारी एक पद्धत तयार केली, आणि तीच आज रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणून ओळखली जाते. ‘एक अंक, आणि त्यानंतर शून्य किंवा अधिक अंक’ हे तिचे साधे उदाहरण. चेतापेशींसाठी शोधलेले गणित पुढे मजकूर शोधण्यासाठी आणि कोड वाचण्यासाठी उपयोगी पडले, ही मला या विषयातील सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

असे वर्णन ओळखणारे यंत्र सापशिडीच्या पटासारखे असते. सापशिडीत पुढे कुठे जायचे हे दोनच गोष्टींवर ठरते: सोंगटी आत्ता कोणत्या घरात आहे आणि फाशावर किती पडले. त्या घरात ती शिडीने आली की सापाच्या तोंडातून, याला महत्त्व नसते. लेक्सरमध्ये फाशाच्या जागी पुढचे चिन्ह असते. दशांश संख्येसाठी चार घरे पुरतात: सुरुवात, पूर्णांक, नुकतेच टिंब आले, आणि दशांश भाग. पूर्णांकाच्या घरात अंक आला तर तिथेच राहायचे, टिंब आले तर तिसऱ्या घरात जायचे, आणि तिथून अंक आला तर चौथ्यात.

तिसऱ्या घरातच खरी मेख आहे. पास्कल भाषेत ‘१ ते १०’ हे ‘१..१०’ असे लिहितात. पहिले टिंब दिसताच सोंगटी तिसऱ्या घरात जाते, आणि तिथे अंकाऐवजी दुसरे टिंब समोर येते. हे घर मुक्कामाचे नाही, कारण ‘१.’ ही त्या भाषेत पूर्ण संख्या होत नाही. म्हणून यंत्राने शेवटचे मुक्कामाचे घर लक्षात ठेवलेले असावे लागते: तिथे परत जायचे, ‘१’ ही संख्या म्हणून कापायची, टिंब परत ठेवायचे, आणि मग ‘..’ हे स्वतंत्र चिन्ह म्हणून वाचायचे.

हे काम पार्सरनेच का करू नये?

सापशिडीच्या पटाची मर्यादा हेच याचे उत्तर आहे. आजवरचा प्रवास ज्याला आठवत नाही त्याला मोजताही येत नाही. किती कंस उघडले आणि किती मिटले याचा हिशेब, तोही कितीही खोलवर, ठरावीक घरांच्या पटाला ठेवता येत नाही. त्यासाठी पार्सरसारखे आठवण असलेले यंत्र हवे. सी भाषेत ‘/*’ ने सुरू झालेली टीप पहिल्या ‘*/’ पाशी संपते, मग मध्ये आणखी एक टीप उघडलेली असो वा नसो. रस्ट भाषेला टिपेत टीप चालते, आणि म्हणून तिच्या लेक्सरला निदान एक मोजणी सांभाळावी लागते. पायथॉनमध्ये तर ओळीच्या सुरुवातीला सोडलेली जागाच अर्थपूर्ण असते. तिथला लेक्सर जागांची चढउतार एका चळतीत नोंदवून ‘आत गेलो’ आणि ‘बाहेर आलो’ अशी खास टोकने तयार करतो.

म्हणजे सीमा अगदी काटेकोर नाही. तरीही मोजणीची गरज नसलेले, पण प्रत्येक चिन्हाला स्पर्श करावा लागणारे काम एका साध्या आणि वेगवान यंत्राकडे द्यावे, आणि रचनेचा विचार दुसऱ्याकडे ठेवावा, ही वाटणी दोन्ही भाग लहान आणि समजण्याजोगे ठेवते.

‘किंमत’चे ‘क’ आणि ‘मत’

आता मराठीकडे येऊ. आपल्या लेक्सरमध्ये नावाचा नियम काय असावा? ‘अक्षराने सुरू होते आणि पुढे अक्षरे किंवा अंक येतात’ असे पटकन सुचते, आणि इंग्रजीला ते पुरते. पायथॉनच्या नेहमीच्या रेग्युलर एक्स्प्रेशन साधनात ‘शब्दातील चिन्ह’ यासाठी एक तयार खूण आहे. ती वापरून ‘किंमत’ या शब्दाचे तुकडे मागितले, तर एकाऐवजी दोन तुकडे हाती येतात: ‘क’ आणि ‘मत’. ज्यांच्याकडे पायथॉन आहे त्यांनी हे स्वतः करून पाहावे.

याचे कारण वर दिलेल्या पाच क्रमांकांत आहे. युनिकोडच्या वर्गवारीत क, म आणि त ही अक्षरे आहेत. वेलांटी आणि अनुस्वार मात्र अक्षराला जोडून येणारी चिन्हे म्हणून वेगळ्या वर्गात आहेत, आणि त्या तयार खुणेत तो वर्ग धरलेला नाही. म्हणून ‘क’ संपताच शब्द संपला असे यंत्राला वाटते. मराठीत मात्रा, वेलांटी, उकार किंवा अनुस्वार नसलेले शब्द किती सापडतील? ‘दर’, ‘नग’, ‘घर’ असे थोडे. बाकी सगळी भाषा अशा चिन्हांवर उभी आहे.

हा दोष एका साधनापुरता नाही. गो भाषेच्या प्रमाणकात नावासाठी अक्षरे, अंक आणि अधोरेखा एवढेच मान्य आहे, त्यामुळे तिथे ‘दर’ नावाने संख्या साठवता येते, पण ‘किंमत’ नावाने येत नाही. याउलट पायथॉन भाषेचा स्वतःचा लेक्सर हे काम नीट करतो. तिच्या तिसऱ्या आवृत्तीपासून, म्हणजे २००८ पासून, देवनागरी नावे चालतात, कारण तिथे नावाचा नियम युनिकोडच्या ३१ क्रमांकाच्या परिशिष्टावर आधारला आहे. नाव कशाने सुरू व्हावे आणि पुढे काय चालावे याच्या दोन वेगळ्या याद्या त्या परिशिष्टात आहेत. वेलांटी सुरुवातीच्या यादीत नाही, पण पुढच्या यादीत आहे. पाय मोडण्याचे चिन्हही तसेच. आपला लेक्सर बांधताना याच दोन याद्या वापराव्यात, स्वतःचा नियम शोधू नये.

अंकांबाबत पायथॉन सावध आहे. ‘१२’ हा मजकूर देऊन त्याची संख्या करून मागितली तर ती मिळते, पण कोडमध्ये थेट १२ असे देवनागरीत लिहिले तर लेक्सर ते नाकारतो. सर्व लिपींचे अंक कोडमध्ये सरसकट मोकळे केले तर दिसण्यातले साम्य घातक ठरू शकते हे खरे आहे. उदाहरणार्थ, बंगाली लिपीतील चारचा आकार इंग्रजी आठसारखा दिसतो. आपल्या छोट्या भाषेत मी देवनागरी अंक ठेवीन, पण एका संख्येत दोन लिपींचे अंक मिसळले तर चूक दाखवीन.

दर्या आणि दऱ्या

मराठीची आणखी एक खास अडचण आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे दरीचे अनेकवचन. आचार्यास दिलेली दक्षिणा आणि आचाऱ्यास दिलेली मजुरी यांतला फरकही असाच. तो अर्धा र संगणकात दोन प्रकारे लिहिला जातो: एक तर नुक्ता असलेला ‘ऱ’ घेऊन त्याचा पाय मोडायचा, किंवा साध्या ‘र’चा पाय मोडून पुढे एक अदृश्य जोडचिन्ह टाकायचे. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण क्रमांकांच्या माळा वेगळ्या असतात.

अदृश्य जोडचिन्ह असलेले नाव पायथॉन नाकारतो. जावास्क्रिप्ट ते स्वीकारते, पण दोन माळांची तुलना जशीच्या तशी करते. परिणामी एकाने एका पद्धतीने ‘दऱ्या’ लिहिले आणि दुसऱ्याने दुसऱ्या, तर त्या दोन वेगळ्या वस्तू ठरतात आणि डोळ्यांनी फरक दिसतच नाही. अदृश्य चिन्हांना सर्रास परवानगी द्यावी असेही नाही. केंब्रिजच्या निकोलस बाउचर आणि रॉस अँडरसन यांनी २०२१ साली दाखवून दिले की लेखनाची दिशा बदलणारी अदृश्य चिन्हे टिपांमध्ये पेरून माणसाला एक कोड आणि संगणकाला दुसरा कोड दाखवता येतो. माझ्या मते योग्य मार्ग हा, की अर्ध्या र च्या जागी येणारे जोडचिन्ह मान्य करून दोन्ही लेखनपद्धती आतल्या आत एकाच रूपात आणाव्यात, आणि इतरत्र आलेले अदृश्य चिन्ह नावानिशी दाखवून नाकारावे.

‘पण मराठीत कोड लिहितो कोण?’ असे विचारले जाईल. व्यावसायिक कोड बहुतांशी इंग्रजी नावांनीच लिहिला जातो, हे मान्य. तरीही शब्दफोडीचा हाच नियम मजकुरातील शोध, शब्दमोजणी आणि शुद्धलेखन तपासणीतही वापरला जातो, आणि तिथे ‘किंमत’चे ‘मत’ झाले तर नुकसान मराठी लिहिणाऱ्या प्रत्येकाचे होते. शिवाय सातवीतल्या मुलाला पहिला प्रोग्राम आपल्या भाषेतील नावांनी लिहिता यावा, ही अपेक्षा मला अवाजवी वाटत नाही.

तयार साधने असताना हाताने का लिहावा?

माइक लेस्क आणि एरिक श्मिट यांनी १९७५ साली बेल लॅब्समध्ये लेक्स नावाचे साधन तयार केले. हेच श्मिट पुढे गूगलचे प्रमुख झाले. नियमांची यादी द्यायची आणि त्यातून तयार लेक्सर मिळवायचा, अशी त्याची पद्धत आहे, आणि त्याचे नंतरचे रूप फ्लेक्स आजही वापरात आहे. असे असूनही जीसीसी आणि क्लँग हे सी भाषेतील कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारे प्रोग्राम आणि गो भाषा यांचे लेक्सर हाताने लिहिलेले आहेत. हाताने लिहिलेल्या लेक्सरचा वेग हवा तसा साधता येतो, अपवाद सांभाळता येतात, आणि मुख्य म्हणजे चूक झाल्यावर वापरणाऱ्याला समजेल असे काही सांगता येते. शिकणाऱ्याने पहिला लेक्सर हातानेच लिहावा असे मी आग्रहाने सांगेन. आपल्या छोट्या भाषेसाठी तो काही शे ओळींच्या आत होतो.

चूक सांगण्याच्या कामात लेक्सरचा कस लागतो. बाराव्या ओळीत उघडलेले अवतरणचिन्ह मिटवायचे राहिले, तर लेक्सर पुढचे सगळे मजकूर समजून गिळत जातो आणि नव्वदाव्या ओळीतील एखाद्या निरपराध अवतरणचिन्हापाशी थांबतो. ‘नव्वदाव्या ओळीत चूक’ असे सांगितले तर माणूस तासभर भलतीकडे शोधत राहील. म्हणून साधा मजकूर ओळ संपण्याआधी मिटलाच पाहिजे असा नियम बऱ्याच भाषांत असतो, आणि चांगला लेक्सर अवतरणचिन्ह जिथे उघडले ती जागा दाखवतो. देवनागरीत स्थान मोजतानाही काळजी घ्यावी लागते: ‘किंमत’मध्ये आपल्याला तीन अक्षरे दिसतात, संगणक पाच मोजतो, आणि चुकीखाली काढलेला बाण दोन घरे पुढे सरकतो.

ज्याला कोड लिहायचा नाही त्याचा काय संबंध?

स्प्रेडशीटमध्ये आपण सूत्र लिहितो तेव्हा त्याचीही आधी टोकनेच पाडली जातात. ब्राउझर प्रत्येक वेबपान असेच वाचतो. वेबपाने ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलच्या प्रमाणकात त्यासाठीच्या पटाची ८० घरे एकेक करून वर्णिलेली आहेत.

डि'सोझा किंवा डि'मेलो अशी आडनावे गोव्यात आणि वसईत घरोघरी आहेत, आणि इंग्रजी फॉर्ममध्ये त्यांच्या मधल्या चिन्हामुळे अर्ज अडकल्याचा अनुभव अनेकांना येतो. माहितीसाठ्याला प्रश्न विचारण्याच्या एसक्यूएल भाषेत तेच एकेरी चिन्ह मजकूर संपल्याची खूण आहे. भरलेले आडनाव प्रश्नाच्या वाक्यात तसेच चिकटवले, तर लेक्सर ‘डि’पाशी मजकूर संपवतो आणि ‘सोझा’ला आज्ञेचा भाग समजतो. सरळ माणसाचा अर्ज यामुळे अडकतो, आणि वाईट हेतूचा माणूस त्याच फटीतून स्वतःच्या आज्ञा आत सारतो. यावरचा खरा उपाय आडनावातील चिन्ह गाळणे हा नसून, भरलेला मजकूर आज्ञेपासून वेगळा पाठवणे हा आहे, म्हणजे तो लेक्सरच्या समोर येतच नाही.

मग कृत्रिम बुद्धिमत्तेचे टोकन हेच का?

नाव एक असले तरी कामाची रीत वेगळी आहे. लेक्सरच्या टोकनाला जात असते आणि त्याची सीमा माणसाने लिहिलेल्या नियमाने ठरते. भाषिक मॉडेलची टोकने प्रचंड मजकुरात कोणते तुकडे वारंवार शेजारी येतात यावरून ठरतात. त्यासाठी वापरली जाणारी एक प्रचलित पद्धत मुळात फिलिप गेज यांनी १९९४ साली माहिती कमी जागेत बसवण्यासाठी मांडली होती. त्या तुकड्याला व्याकरण नसते. तो अर्धा शब्द असू शकतो किंवा एखाद्या अक्षराचा भागही.

अशी बरीच मॉडेल मजकूर बाइट या एककात वाचायला सुरुवात करतात. यूटीएफ-८ या नेहमीच्या साठवणपद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणून ‘किंमत’ १५ बाइटचा होतो. त्याच अर्थाचा इंग्रजी शब्द ‘प्राइस’ पाच अक्षरांचा आणि पाचच बाइटचा असतो. शिकवण्याच्या मजकुरात मराठी कमी असेल तर तिचे बाइट एकत्र जोडलेही कमी जातात, आणि तोच आशय सांगायला साधारणपणे इंग्रजीपेक्षा जास्त टोकने खर्ची पडतात. ज्या सेवा टोकनांवर पैसे आकारतात, त्यांच्या बिलात हा फरक थेट उतरतो.